सतराव्या पानाचा शिक्का

कॉलेजच्या ग्रंथालयात एकोणीस वर्षं काढलेल्या ग्रंथपाल बाईंना सगळे सतराबाई म्हणत. कारण साधं होतं. नवं पुस्तक आलं की पहिल्या पानावर शिक्का बसतो. पण चोर पहिलं पान फाडतो, म्हणून आतल्या एका ठरलेल्या पानावरही गुपचूप शिक्का मारायचा असतो. इथलं ते पान सतरावं. हे गुपित अर्थातच अख्ख्या कॉलेजला पाठ होतं. बाईंची खोड अशी, की शिक्का मारता मारता त्या ते पान वाचून काढत.

"पहिल्या पानावर सगळेच हुशार," त्या म्हणायच्या. "सतराव्यावर कळतं, पोटात काही आहे की नुसताच ढेकर."

माणसांनाही त्यांचं हेच माप. त्या मापानं प्राचार्य तिसऱ्या पानावरच संपत.

प्राचार्यांना शिपायानं 'डिजिटलराव' हे नाव ठेवलं होतं. तपासणी समिती यायला पंधरा दिवस उरले तेव्हा त्यांनी बाईंना केबिनमध्ये बोलावलं.

"बाई, ज्ञान आता मोफत आहे! शाळेच्या गणितापासून विद्यापीठाच्या खगोलशास्त्रापर्यंत सगळं इंटरनेटवर पडलंय. आपल्या वेबसाइटवर त्याचं एक पान केलंय. अडतीस विषय, आठशे चाळीस लिंक!"

"अरे वा. कुणी गोळा केल्या?"

"सगळ्या विभागांनी मिळून."

"आपले विभाग? त्यांना तर हजेरीसुद्धा गोळा करता येत नाही."

डिजिटलराव हसले नाहीत. त्यांना हसण्याआधी सूचना लागायची. "तर वाचनकक्षाची आता गरज नाही. समितीनं चांगला शेरा दिला की तिथे स्टुडिओ. निळे सोफे, मोठा पडदा. तुम्ही जुन्या कागदपत्रांच्या खोलीत. शांतता आहे तिथे."

असणारच. त्या खोलीतून उंदीरसुद्धा कंटाळून निघून गेले होते.

वाचनकक्ष म्हणजे काही राजवाडा नव्हता. दोन लांब टेबलं, चाळीस खुर्च्या, त्यातल्या तिनांच्या पायाखाली पुठ्ठ्याच्या घड्या, कुरकुरणारा पंखा आणि सायकल स्टँडकडे उघडणारी खिडकी. पण रोज दुपारी साडेबाराला एक मुलगी तिथे यायची. सकाळी बेकरीत काम करायची, बाह्यांना पीठ तसंच. तिचा गणिताचा पेपर दोनदा राहिला होता, ही तिसरी आणि शेवटची संधी. बाईंनी तिला सोफ्यांची बातमी दिली.

"ताई, लिंक काय, मोबाइलवर उघडेन मी," ती म्हणाली. "पण एका खोलीत आम्ही सहा जणं. बसायची जागा कुठल्या लिंकवर मिळते?"

बाईंनी वही काढली. त्यांनी रकाने आखले आणि एकेक लिंक उघडायला बसल्या. पुस्तक असेल तर सतरावं पान, व्हिडिओ असेल तर सतरावं मिनिट.

आणि मग काय वर्णावी विभागांची विद्वत्ता! रसायनशास्त्राच्या लिंकवर पडद्यांचं कापड विकायला. इतिहासाच्या नऊ लिंक म्हणजे एकच लिंक नऊदा. अर्थशास्त्राचं पान 'लवकरच येत आहे', आणि ते सहा वर्षांपासून येत होतं. विभागप्रमुखांना विचारलं तर ते म्हणाले, "मी पाहिली नाही, पण उत्तम आहे." वाईट याचं, की त्या उकिरड्यात खरोखरची रत्नं होती. भूगर्भशास्त्राच्या एक म्हाताऱ्या बाई हातात धोंडा घेऊन बोलत होत्या. मधेच खोकायच्या, "थांबा हं" म्हणायच्या आणि पुन्हा धोंड्याकडे वळायच्या. घरी भाजी निवडताना सतराबाईंनी तो व्हिडिओ लावला, तर सासूबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"हे फुकट?" सासूबाईंनी विचारलं.

"फुकट."

"मग तुझ्या साहेबाला का नाही दाखवत? फुकट ते पौष्टिक म्हणणारा ना तो?"

"त्याला पौष्टिकही नकोय, आई. त्याला नुसतं ताट मांडलेलं दाखवायचंय."

वेबसाइटवरचं ते पान अगदी खाली संपत होतं तिथे एक ओळ होती: 'अभ्यासात अडल्यास आमच्या ग्रंथपालांना दहा ते पाच या वेळात फोन करा.' पुढे नंबर. सतराबाई चमकल्या. आमच्या ग्रंथपाल म्हणजे मीच की! आणि हा नंबर तर माझा नाही. त्यांनी तो लावला.

"ग्रंथपाल? गेल्या त्या," पलीकडून एक जाड आवाज म्हणाला. "मी वॉचमन बोलतोय."

"गेल्या म्हणजे?"

"अहो, तशा नाही, धडधाकट आहेत! वाचनकक्ष बंद केला, मग त्या काय करणार? फोन माझ्या टेबलावर आला. पोरं विचारतात, काका, गणित अडलं. मी कोण सांगणारा? म्हणतो, पाणी पी, परत वाच."

बाईंनी कॉलेजचं नाव विचारलं. त्यानं सांगितलं. ते त्यांनी आदल्याच दिवशी वाचलं होतं, समितीच्या पत्रावर, अध्यक्षांच्या सहीखाली. अध्यक्ष त्याच कॉलेजचे प्राचार्य होते. अख्खी यादी त्यांच्याच वेबसाइटवरून उचललेली होती, फोन नंबरासकट.

त्या केबिनकडे धावल्या. "सर, ही यादी चोरलेली आहे. आणि कुणाची माहितीये का..."

"सगळंच ज्ञान कुठून तरी घेतलेलं असतं, बाई. तपासणीच्या दिवशी तेवढं तोंड बंद ठेवा."

"ठेवते," बाई म्हणाल्या. एकोणीस वर्षांत त्यांनी इतक्या आनंदानं हुकूम मानला नव्हता.

समिती आली. अध्यक्षांनी वाचनकक्षातल्या संगणकासमोर बसून यादी वरून खाली सरकवली. लिंक एकही उघडली नाही. "अडतीस विषय! वा! असं काम आमच्याकडे व्हायला हवं."

डिजिटलराव फुगले. आता शर्टाची बटणं तुटणार, असं शिपायाला वाटलं.

अध्यक्ष टेबलाशी बसलेल्या बेकरीवालीकडे वळले. "काय गं, अडलं तर कुणाला विचारतेस?"

तिनं बोट केलं. "या ताईंना."

"नाही नाही, सर!" डिजिटलराव मधे पडले. "माणसाची गरजच नाही. पानावर मदतीचा नंबर दिलाय."

"उत्तम! लावा बघू. आम्हालाही ऐकू द्या."

"बाई, लावा."

बाईंनी तोंड बंदच ठेवलं. नंबर लावला, स्पीकर सुरू केला, फोन टेबलाच्या मधोमध ठेवला.

"हं, बोला," जाड आवाज आला. पाठोपाठ त्यानं आपल्या कॉलेजचं पूर्ण नाव घेतलं, थोर संस्थापकांसकट. "ग्रंथपाल नाहीत. गणित अडलंय का?"

अध्यक्षांचा चेहरा उतरला. "तू?" ते पुटपुटले.

"कोण, सर? अरे देवा! तुम्हाला पण अडलं? पाणी प्या, सर. परत वाचा."

समितीतल्या दुसऱ्या सदस्या खिडकीतून सायकल स्टँड बघू लागल्या. त्यांचे खांदे हलत होते. डिजिटलराव फोनकडे असे बघत होते, जणू तो त्यांना चावला.

अध्यक्षांनी यादीबद्दल अक्षर लिहिलं नाही. लिहायचं तर कुणाची ते लिहावं लागलं असतं. घाईघाईनं एवढाच शेरा दिला: 'वाचनकक्ष उपयुक्त आहे. चालू ठेवावा.' आणि गाडीत जाऊन बसले.

"फोन लावायची काय गरज होती?" डिजिटलराव नंतर ओरडले.

"तुम्हीच म्हणालात, बाई, लावा."

सोफे आधीच मागवलेले होते, ते त्यांच्याच केबिनमध्ये गेले. त्यात बसलं की साहेब टेबलापलीकडून फक्त कपाळापर्यंत दिसतात. कपाळ तेवढं दिसलं तरी पुरे, असं शिपायाचं मत आहे.

वेबसाइटवर आठशे चाळीस लिंक अजून आहेत. वाचनकक्षाच्या टेबलावर मात्र दोरीला बांधलेला एक जाड कागद आहे. त्यावर बाईंच्या अक्षरात सतराव्या पानापर्यंत टिकलेल्या एकसष्ट लिंक आणि खाली ग्रंथालयाचा शिक्का. बेकरीवाली त्यातल्या तिसऱ्या, गणिताच्या लिंकवर आहे. पेपर पुढच्या महिन्यात आहे. खुर्ची तिची ठरलेली, पुठ्ठ्यावरची.

तपासणीच्याच दिवशी संध्याकाळी कुलूप लावण्याआधी बाईंनी पुन्हा तो नंबर फिरवला.

"नोकरी शाबूत आहे ना?"

"आहे की. सर चिडले. मी म्हटलं, नंबर तुम्हीच छापलाय."

"मग माझा लिहून घ्या. गणित अडलं की पोरांना इकडे पाठवा."

वॉचमननं लिहून घेतला. मग जरा अडखळत म्हणाला, "आणि मी काय सांगू त्यांना?"

"पाणी पाजायचं काम तुमच्याकडेच राहू द्या," सतराबाई म्हणाल्या. "तेवढं तरी तुमच्या कॉलेजात नीट शिकवतात."