मी काहून हटू?

विमल वाटेतून बाजूला होत नसे. आमच्या कॉलेजचा जिना अरुंद होता. वरून मुलांचं टोळकं उतरू लागलं की आम्ही बाकीच्या मुली भिंतीला पाठ लावून उभ्या राहायचो, आणि विमल मात्र आपल्या बाजूनं चढत राहायची. धक्का देणं नाही, रोखून बघणं नाही, फक्त चालणं. एकदा एका मुलानं तिला "हटो ना मॅडम" म्हटलं. ती पायरीवर थांबली आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "मी काहून हटू? तू खाली जाऊन राहिला, मी वर जाऊन राहिली. जिना दोघांचाही आहे." तो मुलगा अंग चोरून तिच्या बाजूनं निघून गेला.

चिडली की तिचा आवाज चढत नसे, उतरायचा. वाक्यं आखूड व्हायची. एरवी वर्गात पुस्तकातली मराठी बोलणारी विमल रागावली की घरच्या बोलीवर यायची. तिच्याबद्दल लिहायचं म्हणजे रागाबद्दलच लिहावं लागणार. तिच्या आणि माझ्याही. माझा अजून गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

आम्ही पाचवीपासून एका वर्गात. उत्तर नागपुरात सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही राहायचो आणि नाल्यापलीकडच्या वस्तीत ती. तिचे वडील कापडाच्या गिरणीत मागावर होते. त्यांना सगळी वस्ती भाऊ म्हणायची. छप्पन साली दीक्षा घेतलेल्यांपैकी ते एक. माझे बाबा सरकारी कचेरीत हेडक्लार्क. आपल्या घरात जातपात पाळत नाहीत हे ते आल्यागेल्याला आवर्जून सांगायचे. विमल अभ्यासाला आमच्याकडे यायची, ती व्हरांड्यात बसायची. तिच्यासाठी एक कप होता, तो व्हरांड्यातल्या कोनाड्यात असायचा. ती चहा प्यायची, कप धुऊन परत तिथेच ठेवायची. अकरावीत एक दिवस आईनं कप पुढं केला तर ती म्हणाली, "नको काकू, मला चहा आवडत नाही." त्याच दिवशी संध्याकाळी मी तिच्या घरी होते. तिनं माझ्यासमोर दोन कप चहा घेतला. विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं.

डॉक्टर व्हायचं हे तिनं सातवीतच ठरवलं होतं. का, असं विचारलं की चिडायची. मुलांना कोणी का म्हणून विचारत नाही, मग मलाच का, असं तिचं म्हणणं. मी डॉक्टर व्हावं हे बाबांनी ठरवलं होतं, आणि तिच्या संगतीनं मलाही ते हवंसं वाटू लागलं होतं.

बारावी तेव्हा नवीनच सुरू झाली होती. निकाल लागला. विमलचे मार्क माझ्यापेक्षा थोडे जास्त. मेडिकलच्या पहिल्या यादीत दोघींचीही नावं नव्हती, वेटिंग लिस्टमध्ये होती. तिचं सगळ्यांत वर, त्याच्या लगेच खाली माझं. सवलतीच्या यादीत तिला सहज जागा मिळाली असती. पण त्यासाठी लागणाऱ्या दाखल्यावर जुन्या जातीचं नाव लिहावं लागत होतं, आणि भाऊंनी ते लिहायला साफ नकार दिला. जे सोडलं ते पोरीच्या कागदावर परत चढवणार नाही, असं ते म्हणाले. विमलनं एका शब्दानं वाद घातला नाही. क्वार्टरमध्ये मात्र लोक म्हणतच होते की त्यांचं काय, त्यांना मिळतंच. मला आजही ती तोंडाळ माणसं आठवतात आणि मुठी वळतात.

मेडिकलच्या ऑफिसातला बाबू म्हणाला की यादीतला एक मुलगा दिल्लीला जाणार आहे, त्याची एक जागा सुटेल असं वाटतं. एकच. म्हणजे विमलला मिळाली तर मला नाही. आणि विमल मध्ये नसली तर मला.

त्याच आठवड्यात आमच्या प्राचार्यांनी विमलला बोलावून घेतलं. बाहेरगावच्या एका संस्थेच्या विज्ञान कॉलेजात हुशार मुलीसाठी स्कॉलरशिप होती. शिकणं, राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं संस्था बघणार. पुढं तिथंच एम.एस्सी.पर्यंत शिकता येणार. अट एवढीच, की आठवडाभरात मूळ मार्कशीट आणि कॉलेज सोडल्याचा दाखला घेऊन हजर व्हायचं. मूळ कागद तिकडं जमा झाले की मेडिकलच्या यादीतलं नाव आपोआप गळणार होतं.

तिच्या घरी दोन तट पडले. भाऊ म्हणत, थांब, डॉक्टर हो. आई म्हणायची, मागे दोन धाकटे भाऊ आहेत, गिरणी आज चालू तर उद्या बंद, चालून आलेलं घे. विमल दोघांचंही ऐकून घ्यायची. तलावाच्या काठी आम्ही सायकली लावून बसलो होतो तेव्हा तिनं मला सांगितलं, "मले घेऊन टाकावंसं वाटून राहिलं. माय रोज रडते. केमिस्ट्री मले आवडतेच." मी म्हटलं, तुझ्या मनाचं कर. तिनं जागा सोडली तर ती कोणाला मिळणार हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. उठताना तिनं फक्त एवढंच सांगितलं की उद्या प्राचार्यांना होकार कळवते.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे गेले. ती दारातच उभी होती. मला आत ये म्हणाली नाही, आणि असं त्याआधी कधीच झालं नव्हतं.

"तुये बाबा आले होते काल," ती म्हणाली.

मला काही कळेना. बाबा नाल्यापलीकडे कधी गेले नव्हते. मग तिनं सगळं सांगितलं. स्कॉलरशिपची बातमी क्वार्टरमध्ये आधीच पोचली होती. मी घरी पोचायच्या सुमारास बाबा संत्रा बर्फीचा डबा घेऊन त्यांच्याकडे गेले होते. खाटेवर बसले. आपल्या मुली म्हणजे सख्ख्या बहिणीच, असं म्हणाले. डॉक्टरीला वर्षानुवर्षं लागतात, तोवर तुमच्या बाकीच्या मुलांनी काय करायचं, फुकट शिक्षण मिळतंय ते घ्या, असं समजावलं. आणि शेवटी भाऊंचा हात हातात घेऊन म्हणाले की तुम्हा लोकांना पुढंही पुष्कळ मिळेल, आमच्या मुलीला ही एकच संधी आहे. पाहुणा म्हणून भाऊंनी चहा ठेवायला सांगितला.

"चहा पेले तुये बाबा," विमल म्हणाली. "इतक्या वर्षांत आमच्या घरचं पाणी नाही चाललं त्याईले. काल चहा पेले, बशीत ओतून. चांगला झाला म्हणे."

मी खाली मान घालून उभी होते.

"मी सोडूनच राहिली होती ती जागा. मायले सांगतलंही होतं. आता नाही सोडत. माह्या नंबरासाठी माह्या बापाचा हात धराले येते कोणी, तं मी काहून हटू? हे रागानं करून राहिली मी. बरोबर आहे का चूक, मले नाही माहीत. तुयावर राग नाही. पण आज तू जाय."

मी घरी आले तेव्हा बाबा पेपर वाचत होते. मी विचारलं, तुम्ही विमलकडे गेला होतात? ते म्हणाले, तुझ्यासाठीच गेलो, बाप आहे मी. मी म्हटलं, "चहा कसा प्यायलात?" त्यांना आधी प्रश्नच कळला नाही. मग म्हणाले, "त्यात काय एवढं? माणसंच आहेत ती."

"मग इतकी वर्षं कोण होती?"

बाबांनी पेपरची घडी घातली आणि पाय धुवायला उठून गेले. आई आतून म्हणाली की वडलांशी असं बोलू नये. मी कोनाड्यातला तो कप घेतला आणि अंगणातल्या फरशीवर आपटला. त्यानं काही बदललं नाही. आईनं तुकडे गोळा केले आणि रात्रीचं जेवण वेळेवर वाढलं.

स्कॉलरशिपची मुदत गेली. प्राचार्यांनी विमलला सगळ्यांसमोर कृतघ्न म्हटलं. या लोकांना दिलेलं पचत नाही, असंही म्हणाले. क्वार्टरमध्ये तर माज हा शब्द घरोघर फिरत होता. तिची आई तिच्याशी बोलेनाशी झाली. विमल रोज मेडिकलच्या ऑफिसात जायची आणि बाबूच्या खिडकीसमोर उभी राहायची. बाबू म्हणायचा, बाई, बाजूला व्हा, काही असलं तर कळवू. ती तिथंच उभी राहायची. असं पावसाळाभर चाललं.

जागा सुटली नाही. तो दिल्लीचा मुलगा गेलाच नाही. त्याच्या आजोबांना तो नागपुरातच हवा होता म्हणे. यादी बंद झाली.

हे मी अनेकांना सांगितलं आहे आणि इथं आल्यावर ऐकणारा नेहमी मग काय झालं म्हणून विचारतो, कारण त्याला वेगळं काही हवं असतं. तसं झालं नाही. बाबा नाल्यापलीकडे गेले नसते तर विमल स्कॉलरशिपवर गेली असती आणि मला तरीही काही मिळालं नसतं. त्यांच्या त्या एका चहानं माझा काडीचा फायदा झाला नाही आणि तिचं होतं ते गेलं. बाबांना हे मी पुढं कितीदा तरी सांगून पाहिलं. ते म्हणायचे, मी काय तिचा हात धरला होता? तिनंच हट्ट केला. मरेपर्यंत त्यांना आपण काही चुकलो असं वाटलं नाही. आम्ही कामापुरतं बोलायचो.

विमलचं वर्ष गेलं. ती वस्तीतल्या मुलांच्या शिकवण्या घ्यायची. आणखी एकदा मेडिकलला बसण्याइतका धीर घरात कोणातच उरला नव्हता. पुढच्या वर्षी ती माझ्याच कॉलेजात बी.एस्सी.ला आली, माझ्या एक वर्ष मागे. पहिले काही महिने आम्ही नुसत्या समोरासमोर यायचो. मग एक दिवस तीच प्रयोगशाळेच्या दाराशी थांबली आणि म्हणाली, "तुये मागच्या वर्षीचे जर्नल दे. उपकार नाही, उसने." त्यानंतर पुन्हा पूर्वीसारखं सुरू झालं. मी तिच्या घरी जायचे. ती आमच्याकडे पुन्हा कधी आली नाही.

ती शिक्षिका झाली. नागपूर जिल्ह्यातल्या खाप्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. कन्हान नदीपासून जवळच खोली घेऊन एकटी राहायची. शिकवायची उत्तम, हे तिच्या विद्यार्थ्यांकडून मी ऐकलं आहे. पोरींना बेडूक कापायला लावायची आणि पोरांना फळा पुसायला. एकदा मी तिच्याकडे राहायला गेले असताना विचारलं, त्या निर्णयाचा पश्चात्ताप होतो का?

"होते ना," ती भाजी चिरता चिरता म्हणाली. "मले डॉक्टर व्हायचं होतं, नाही झाली. एम.एस्सी.ही गेली. त्याचा राग आहे मले. लोक म्हणतात, मॅडम, शिक्षकी पेशा किती पवित्र. पवित्र आहे तं तुमी करा ना. माह्या नुकसानीले कोणी हार घालू नये."

तिला कावीळ झाली ती ऐन उन्हाळ्यात. आधी तिथल्याच दवाखान्यात नेलं. तिथं तेव्हा डॉक्टरची जागा रिकामी होती, कंपाउंडर गोळ्या द्यायचा. नागपूरला आणेपर्यंत उशीर झाला होता. तिचं वय तिशीच्याही आत होतं. त्या दवाखान्याबद्दल मी इथं आणखी काही लिहीत नाही, कारण लिहायला लागले तर थांबणार नाही.

शाळेत शोकसभा झाली. मी आणि भाऊ नागपूरहून गेलो होतो. मुख्याध्यापक चांगले गृहस्थ होते, पण बोलू लागले तसं माझं डोकं तापत गेलं. विमलताईंनी डॉक्टरकीची संधी सोडून स्वेच्छेनं हा मार्ग धरला, त्या अत्यंत समाधानी होत्या, तक्रार हा शब्द त्यांना ठाऊक नव्हता, असं ते म्हणाले. माणसं डोळे पुसत होती. मग बालमैत्रीण म्हणून मला दोन शब्द बोलायला सांगितलं.

मी सांगितलं की विमलनं काहीही स्वेच्छेनं सोडलं नव्हतं. तिला डॉक्टर व्हायचं होतं. तिला ते होता आलं नाही, आणि त्यात माझ्या घरचा हात होता. ती चांगली शिक्षिका होती, समाधानी नव्हती. जन्मभर चिडलेली होती आणि तिला तसं असण्याचं कारण होतं. तिला समाधानी करून निरोप देऊ नका. एवढं बोलून मी खाली बसले. सभा नंतर लवकरच आटोपली.

भाऊ बाहेर फाटकापाशी उभे होते. इतके वाळले होते की सदरा अंगावर लोंबत होता. मला वाटलं, लेकीच्या शोकसभेत मी भलतंच बोलले म्हणून ते दुखावले असतील. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानंच थांबवलं.

"बरं केलं बेटा," ते म्हणाले. "त्याईचं ऐकून राहिलो होतो तं मले वाटे, हे कोण्या दुसऱ्याच पोरीबद्दल बोलून राहिले."

मग आम्ही नागपूरच्या एसटीत बसलो. भाऊंनी मला खिडकीशी जागा दिली, आणि लहानपणी विमल कशाकशावरून चिडायची ते रस्ताभर एकेक करून सांगत राहिले.