जुना पासपोर्ट

डांबरगोळ्यांचा वास आला की मला माझा शहाणपणा आठवतो. नवा पासपोर्ट मिळाल्यावर कोपरा कापलेला जुना आता रद्दीच, असं मी ठरवलं आणि तो नाशिकला आईच्या कपाटात साड्यांखाली ठेवून दिला. न्यूझीलंडचा रेसिडेंट व्हिसा त्या जुन्यावरच चिकटवलेला आहे, हे मला मुंबई विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने सांगितलं. "सर, तो दाखवल्याशिवाय बोर्डिंग पास नाही देता येणार." विमान मला आणि बायकोला न घेता गेलं. पुढची जागा पाच दिवसांनी होती. दुसऱ्या दिवशी दुपारी नाशिकच्या द्वारका चौकात बसमधून उतरून, बॅगांसकट रिक्षाने घरी आलो, तर आमच्या चहाच्या कपबश्या तशाच आणि केरही काढलेला नव्हता. पोचल्याचा फोन येईपर्यंत आई केरसुणीला हात लावत नसे. "अरे, पोचलास पण?" म्हणत ती इतकी हसली, की माझा गाढवपणा मलाच आवडला. मग रोज भरली वांगी झाली. पहिल्यांदा निघताना तिने हसत माझ्या हातावर दही घातलं होतं; या वेळी मात्र वाटी बायकोच्या हातात देऊन ती आत गेली, ती बाहेर आलीच नाही. पुढच्या वर्षी ती वारली, आणि आम्ही वेळेत पोचलो नाही. माझ्या वेंधळेपणामुळे आईचे चार दिवस जास्तीचे मिळाले, असं मी अजून फुशारकीने सांगतो. परवाही सांगितलं. पाहुणे गेल्यावर कपबश्या उचलता उचलता बायको म्हणाली, "आपल्याला चार दिवस मिळाले हो, पण त्यांना निरोप दोनदा द्यावा लागला."