फोल्डरमध्ये कोण बसलंय?

गेल्या मंगळवारी दुपारी साडेतीन वाजता मी माणिकपूरच्या आमच्या फोटो स्टुडिओत सर्व्हर बंद करायला बसलो होतो. डिस्क आवाज करत होती, ती बदलायला चारला माणूस येणार होता... आणि आत वटारच्या एका लग्नाचे सगळे फोटो, दुसरी कॉपी कुठेच नाही.

स्टुडिओतल्या कॉम्प्युटरांवर विंडोजऐवजी लिनक्स आहे. सर्व्हरवरचा फोटोंचा फोल्डर नेटवर्कने माझ्या आणि माझ्याबरोबर काम करणाऱ्या रूपेशच्या कॉम्प्युटरला जोडलेला असतो. सर्व्हर बंद करण्याआधी तो दोन्हीकडून सोडवायचा, म्हणजे अनमाउंट करायचा. "माझा झाला," म्हणून रूपेश चहाला गेला.

मी माझ्या कॉम्प्युटरवर अनमाउंटची कमांड दिली. उत्तर आलं, फोल्डर बिझी आहे. पुन्हा दिली... बिझी. माझी सगळी सॉफ्टवेअर बंद होती, दोनदा तपासली होती. मग आत कोण?

खरं सांगतो, डोळ्यांसमोर रूपेशचा पेनड्राइव्ह आला. किल्ल्यांना लावलेला असतो, रोज त्याच्याबरोबर घरी जातो. मागे आमच्या एका गिऱ्हाइकाचे फोटो दुसऱ्याच स्टुडिओच्या जाहिरातीत दिसले होते...

मालक जॉनीकाकांना जाऊन सांगितलं, कोणीतरी फोटो कॉपी करतंय. 'कोणीतरी' म्हणालो, पण बघत होतो रूपेशच्या खुर्चीकडे.

तो आल्यावर काकांनी पेनड्राइव्ह मागितला. त्याने काढून दिला. आत फक्त अर्नाळ्याला त्याच्या घरच्या होडीला नवा रंग दिला, त्याचे फोटो.

"आता तुझ्या मशीनवर बघ कोन बसलाय," रूपेश म्हणाला. फोल्डर कोण वापरतंय हे दाखवणारी कमांड असते, घाईत मी ती दिलीच नव्हती. एकच ओळ आली... माझंच नाव. सकाळी टर्मिनलची, म्हणजे कमांड लिहायची, आणखी एक काळी विंडो उघडून मी त्या फोल्डरमध्ये शिरलो होतो, ती दुसऱ्या विंडोखाली लपली आणि मी आतच राहिलो. शिवाय 'बिझी' हे फक्त माझ्याच कॉम्प्युटरबद्दल असतं, रूपेशच्या कॉम्प्युटरमुळे ते येऊच शकत नाही, हेही तेव्हा कळलं.

रूपेश वाकून बघत म्हणाला, "होडीत बसून होडी किनाऱ्यावर ओढतोस काय? आधी खाली उतर."

काका हसले. मला हसता आलं नाही.

फोल्डरमधून बाहेर आलो, कमांड दिली. उत्तर काहीच नाही... अनमाउंट नीट झालं की स्क्रीन गप्प राहते. डिस्क बदलली, जुन्या डिस्कवरचे लग्नाचे फोटो सगळे नव्या डिस्कवर उतरले.

रूपेशची माफी मी काकांसमोरच मागितली. संशय त्यांच्यासमोर घेतला होता, तो फिटायलाही तिथेच हवा होता. "चहा तुझा," एवढंच तो म्हणाला.

पेनड्राइव्ह अजूनही त्याच्या किल्ल्यांना उघडा लटकतो. माझ्यासमोर तो खिशात लपवत नाही, याबद्दल त्याचे आभार.