दुसरा ब्रेक

आमचे ड्रायव्हिंग स्कूलचे सर शिकणाऱ्याच्या बाजूला बसतात आणि त्यांचा पाय कायम तिथल्या जादा ब्रेकवर असतो. तोंड मात्र आजकालच्या पोरांवर चालू असतं. "आईबापांनी यांना कदी पडूच दिलं नाय, मॅडम. सगळं आयतं पायजे. बरोबर हाय का नाय?" असं विचारून उत्तरही तेच देतात, "हाय." मी साठीला टेकलेली विद्यार्थिनी. मीही मान डोलावते, कारण माझंही तेच मत आहे.

परवा माझ्याआधी बावीस-तेवीस वर्षांची एक मुलगी चालवत होती आणि मी मागे बसले होते. नवीन पनवेलच्या पुलाच्या चढावर गाडी थांबली, तेव्हा ती म्हणाली, "सर, पाय काढा ना. गाडी मी थांबवली की तुम्ही, तेच मला कळत नाही."

सरांनी चपला काढल्या आणि सीटवर चक्क मांडी घातली.

गाडी हातभर मागे सरकली. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न दिला. मी दाराचं हँडल घट्ट धरलं. तिने शांतपणे क्लच सोडला आणि गाडी चढ चढून गेली.

"बरोबर हाय," सर एवढंच म्हणाले.

पूल उतरल्यावर तिने जागा मला दिली. सरांची मांडी अजून तशीच होती. मी स्टिअरिंग धरलं, आरशात बघितलं आणि हळूच म्हटलं, "सर, पाय खाली घेता का?"