धुऱ्यावरचा खड्डा

वाशीमला निघालेला एक टेम्पो अन्न खात्यानं आमच्या मळ्यासमोरच अडवला. थर्माकोलच्या खोक्यांत कोंबडीचं मटण होतं, बर्फाचं केव्हाच पाणी झालेलं. वास असा सुटला की भेंडी तोडणाऱ्या बायांनी नाकाला पदर लावले. खात्याच्या साहेबांना तो माल लगेच पुरायचा होता, जागा मिळत नव्हती.

माझे सासरे, मामाजी, स्वतःहून पुढे झाले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"आमच्या धुऱ्यावर पुरा ना साहेब. बैल मेला त आमी वावरातच पुरतो, मीठ टाकून. ह्या त कोंबड्याच हायेत."

"मामाजी, विहीर लागूनच हाये," मी म्हटलं.

"हे सडकं लोकाईच्या पोटात गेलं असतं, त्याचं काय?"

त्यांचं चूक नव्हतं, म्हणून मला जास्तच राग आला. जेसीबीनं वावराच्या बांधावर, त्याच धुऱ्यावर खड्डा खणला. मीठ काही कुणी टाकलं नाही. कुणी उकरून पुन्हा विकू नये म्हणून मटणावर फिनाईलचे कॅन ओतले, वर माती लोटली. "पाण्याला काही होत नाही, काका," साहेब म्हणाले. मामाजींनी त्यांना चहा पाजला.

आमचा पालक, कोथिंबीर त्याच विहिरीवर. भाजी धुवायची तीही त्याच पाण्यात. खड्ड्याचा फोटो मोबाइलवर गावभर फिरला आणि वाशीमच्या बाजारात रोजची गिऱ्हाइकं जुडी हुंगून खाली ठेवायला लागली. काही तर हुंगतही नव्हती. संध्याकाळी सगळा पालक म्हशीपुढे टाकताना मला रडू यायचं.

मामाजी हटले नाहीत. विहिरीचं पाणी बाटलीत भरून बाजारात न्यायचे आणि गिऱ्हाइकासमोर घटाघटा प्यायचे. "साहेबानं सांगतलं हाये, काही होत नाही." लोक हसायचे. मला त्यांची लाज वाटायची आणि भीतीही.

एका रविवारी साहेबच पिशवी घेऊन आले. एरवीही ते भाजी आमच्याकडूनच न्यायचे. मामाजींचा चेहरा खुलला. त्यांनी चांगली जुडी निवडून पुढे केली. "घ्या साहेब. अन् तुमीच सांगा आता याईले."

"आज नको, काका. घरी आहे पालक."

साहेब पुढच्या दुकानावर थांबले. तिथून त्यांनी पालकाच्या दोन जुड्या घेतल्या, आमच्याकडे न बघता.

मामाजींच्या हातात बाटली होती, अर्धी भरलेली. त्यांनी ती बाजूच्या नालीत रिकामी केली.