नानांचा पीपी कॉल

"पोर घरमा शे का, इतलंच इचार, ताई. माले बोलनं नही."

धुळ्याच्या ट्रंक एक्स्चेंजवर मी ऑपरेटर होते. सकाळी ड्यूटीला बसले की बोर्डावर नानांचा दिवा लागलाच म्हणून समजा. नानांची कापसाची आडत होती, त्यामुळे घरी फोन. एकुलती एक लेक सुनंदा जळगावजवळ असोद्याला केळीवाल्यांच्या घरात दिलेली. गोष्ट ऐंशीच्या दशकातली. गावाबाहेर फोन करायचा तर आधी आमच्याकडे कॉल बुक करायचा आणि आम्ही जोडून देईपर्यंत वाट बघत बसायचं. पीपी कॉल म्हणजे सांगितलेला माणूस फोनवर आला तरच जोडायचा कॉल. नानांनी त्यातून पळवाट काढली होती. मी असोद्याला विचारायचं, "सुनंदाबाई आहेत का?" तिकडून "आहेत, बोलावतो" आलं की नाना घाईघाईने म्हणायचे, "शे ना? मंग कॅन्सल कर."

लेकीच्या सासरी बापाने फोनवर गप्पा मारत बसू नये, ही त्यांची रीत. पण काळजी कुठली रीत पाळते? सकाळी निवांत झालेला हा माणूस दुपारी पुन्हा बुकिंगला हजर. वादळ आलं तर लेकीचा घोर, नाही आलं तरी लेकीचा घोर. मला त्यांची कीव यायची आणि तितकाच वैतागही यायचा.

एकदा आमच्या सुपरवायझरांनी हे ऐकलं.

"बाई, हे टेलिफोन खातं आहे, दवाखाना नाही. असले निरोप बंद."

"साहेब, म्हातारा माणूस आहे, जीव थाऱ्यावर नसतो त्यांचा."

"मग बोला म्हणावं लेकीशी. फोन त्यासाठीच असतो."

साहेबांचं बोलणं टोचलं, पण पटलं. मी नानांना सांगितलं, "नाना, आता नुसती चौकशी मिळणार नाही. दर मंगळवारी कॉल बुक करा आणि स्वतः बोला. मधेच घोर लागला तर तो मंगळवारसाठी बाजूला ठेवायचा."

"आन तवलोंग तिले काही व्हयनं मंग?"

"झालं तर सासरचेच कळवतील. भरलं घर आहे."

पहिले काही दिवस नाना माझ्यावर फुगले. बुधवारीच कॉल बुक करायचे. लाइन मिळेपर्यंत तासभर तरी जायचा आणि तेवढ्यात घोर ओसरून बहुतेक वेळा तेच कॅन्सल करायचे. हळूहळू मंगळवार रुळला. कॉल नीट लागला की नाही हे बघायला आम्ही क्षणभर कान द्यायचो. भरताची वांगी, नातवाचे दात, केळीचा भाव असलं काहीबाही चाललेलं असायचं. एका मंगळवारी नाना हसत म्हणाले, "ताई, काय इचारनं व्हतं तेच इसरी गऊ!" बढती मिळाल्यासारखं वाटलं मला.

मग एसटीडी आलं. ज्याने त्याने आपला नंबर आपण फिरवायचा, ऑपरेटरची गरज नाही. ऑफिसात पेढे वाटले, मीही दोन खाल्ले. माझी बदली तक्रार विभागात झाली. नानांचा आवाज कानावर पडेनासा झाला, तेव्हा त्यांचं बरं चाललं असेल असंच मी धरून चालले.

उन्हाळ्याच्या तोंडावर एक टोपीवाले गृहस्थ काउंटरवर आले. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण तोंड उघडताच ओळखलं.

"फोन बिघडी गया, ताई. असोद्याले घंटी वाजस, कोनी उचलत नही."

त्यांना बाकावर बसवून मी आत गेले. जळगावच्या टेस्टिंगवाल्यांकडून लाइन तपासून घेतली. दोष काही नव्हता. मग मी स्वतःच नंबर लावला. बऱ्याच वेळाने फोन उचलला गेला.

"टेलिफोन खात्यातून बोलते. तुमच्या लाइनची तक्रार आहे."

"लाइन चांगली आहे, ताई." सुनंदाच होती, अगदी हळू बोलत होती. "आम्हीच उचलत नाही. नाना दिवसभर फोन करतात. मामंजी म्हणतात, तुझ्या बापाला वाटतं तरी काय, आम्ही तुला उपाशी ठेवतो? नानांना सांगा ना, लाइन खराब आहे म्हणून."

मला ते जमलं नाही. लाइन दुरुस्त कधी होणार म्हणून ते रोज जीव टांगून बसले असते. बाहेर येऊन जमेल तितक्या हळुवारपणे खरं तेच सांगितलं. नाना काउंटरच्या लाकडावर बोट फिरवत म्हणाले,

"तू बोलनी ना तिनासंगे? आवाज कसा व्हता तिना?"

"बरा होता, नाना."

ते आल्या वाटेने निघून गेले.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्या खानदेशात सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधले जातात, गाणी होतात. त्या वर्षी सुनंदाला सासरच्यांनी पाठवलं नाही. नानांच्या गल्लीत आमचा एक लाइनमन राहायचा, त्याच्याकडून कळलं. नानांनी कडुनिंबाला झोका बांधून ठेवला होता म्हणे.

अजून वाईट वाटतं. लेकीवरच्या मायेपायीच हा माणूस लेकीला दुरावला. फोन झटकन लागला म्हणून काळजी झटकन जात नाही. मधे कोणीतरी "थांबा" म्हणणारं लागतं. आमच्या खात्यात तशी माणसं होती, आम्ही ऑपरेटर, पण हे आमचं काम आहे हे कुठल्याच नियमात लिहिलेलं नव्हतं. म्हणून आमच्या पोस्ट रद्द करताना ते कोणाच्या लक्षात आलं नाही.