बुटांतली हार

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली. हे कोणाला दाखवायचं नाही, तरी चुकांची माफी आधीच मागते. बाकी कशाची मागणार नाही.

त्या वर्षी तिरोड्याकडच्या आमच्या गावाची फुटबॉलची टीम गोंदियाला फायनलमध्ये पोचली. माझे मालक गोलकीपर होते. धान कापून झालं की शेतातल्या रिकाम्या बांधीत आमची माणसं धसकटांवर अनवाणी खेळायची. सेमीफायनलही तशीच जिंकली. तेव्हा शहरातले लोक हसले, "जूते कहाँ गये भैया? किसी शादी में चोरी हो गये क्या?"

ते लागलं. सगळ्यांनी बाजारातल्या दुकानदाराकडून उधारीवर बूट आणले. बक्षिसाच्या पैशांतून फेडू असं ठरलं.

मॅच मी बायकांसोबत बैलगाडीत बसून पाहिली. जवसाचं तेल चोळूनही नवं कातडं नरम झालं नव्हतं. आमची माणसं गाळात फसलेल्या रेड्यांसारखी पळत होती. हाफटाइमपर्यंत तीन गोल बसले. मग ह्यांनी बूट काढून फेकले, मागोमाग सगळ्यांनी. अनवाणी पायांनी आम्ही दोन गोल केले. तिसरा खांबाला लागून परत आला आणि शिट्टी वाजली.

परतताना हे तोंडावर दुपट्टा टाकून पडून राहिले.

काही दिवसांनी दुकानदार अंगणात आला. "बूट वापस करा. हारनेवाल्यायले बूट कायले पाहिजे?"

हे मान खाली घालून बूट आणायला उठले. परक्या माणसासमोर मी कधी बोलले नव्हते. दाराआडूनच म्हटलं, "बूट नाही भेटत. ते घालून खेलाले शिकतीन आता. पैसे आमी देऊ."

"कोन देईन? तू?"

"मीच देईन. पन आमच्या मानसायले हारनेवाले म्हनू नका."

तो गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "काऊन वो, खेलले ते अन् फेडतेस तू?"

"गावासाठी खेलले ना, माय."

मी मजुरीच्या बिड्या वळायला बसले. सासूबाई तेंदूपत्त्याची टोपली ओढून माझ्याशेजारी पानं कापायला बसल्या. मग बाकी खेळाडूंच्या बायकाही आमच्या ओसरीवर येऊन बिड्या वळू लागल्या. मजुरी आली की थोडी थोडी दुकानात जायची. माणसं बांधीत बूट घालून पळायची. टाचा सोलून निघायच्या, पण बूट कोणी काढले नाहीत.

अजूनही कोणी त्या हारीची गोष्ट काढली की मी विचारते, दुसऱ्या हाफमध्ये कोण जिंकलं ते सांगा.

त्या हारीनंतरच्या पोळ्याआधी मी स्वतः दुकानात गेले. डोक्यावर पदर होता, पण नजर खाली नव्हती. उरलेले पैसे समोर ठेवले. दुकानदारानं मोजले आणि हळूच म्हणाला, "पूरा हो गया."

"जोरानं सांगा," मी म्हटलं. "बाहेर लोकं बसले हायेत."

त्यानं ओट्यावर बसलेल्यांकडे पाहिलं आणि मोठ्यानं सांगितलं, "बुटायचे सारे पैसे भेटले!"